टच फोनचे उपकार

दिवाळी आटोपून पुण्या-बंगळुरूची पोरं परत गेली की आर्वीत घरोघरी एक वस्तू मागे राहते. फराळाचे डबे सोबत जातात, संत्र्यांची पेटी जाते, तुरीची डाळ जाते. राहतो तो मुलाचा जुना टच फोन. मुलाने नवा घेतलेला असतो. जुना ‘अजून मस्त चालतो’, फक्त काचेला एका कोपऱ्यात तडा आणि बॅटरी दुपारपर्यंतच पुरते. तो वडिलांच्या हाती सोपवला जातो आणि त्यांचा साधा फोन ‘आता काढून टाका तो डबा’ या शब्दांत निवृत्त होतो. पितृसेवेच्या इतर प्रथांच्या मानाने ही फारच कमी खर्चाची प्रथा आहे. तरीही तिच्याविषयी कुणी दोन बरे शब्द लिहिलेले माझ्या पाहण्यात नाहीत. ती उणीव भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतू.

आमच्या शेजारच्या गुरुजींचं उदाहरण घेऊ. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, वय ७८, गावाबाहेर चार एकर कापूस-तूर. त्यांच्याकडे दहा वर्षं एकच बटणवाला फोन होता. त्यावरचे २ आणि ८ हे आकडे पुसून गेलेले, मागच्या झाकणाला रबरबँड. ५ च्या बटणावर जे बारीकसं टिंब असतं ते अंगठ्याने चाचपून गुरुजी अंधारात नंबर लावत. २ दाबून धरला की मुलगा, ३ दाबून धरला की मुलगी, ४ म्हणजे डॉक्टर. खाटेवरून पडला की फोन, झाकण आणि बॅटरी असे तीन तुकडे तीन दिशांना जात. गुरुजी ते गोळा करून जोडत आणि फोन पुन्हा सुरू होई. चार्जिंग आठवड्यातून दोनदा. लाइन गेली की त्याचाच टॉर्च. दहा वर्षांत या माणसाने फोनच्या कामासाठी कुणालाही हाक मारली नाही. म्हातारपणी एवढं स्वावलंबन बरं नव्हे. घरच्यांना आपली गरजच उरली नाही असं वाटू लागतं, आणि कुटुंबसंस्था अशानेच खिळखिळी होते.

टच फोनने हा दोष पहिल्याच आठवड्यात दूर केला.

मी समोर बसलो होतो. फोन वाजला. काचेवर हिरवं चक्र आलं. गुरुजींनी ते दाबलं. ते दाबायचं नसतं, वर सरकवायचं असतं, हे मुलाने जाताना सांगितलं होतं. पण सत्तर वर्षं माणूस दाराची कडी, विजेचं बटण, विहिरीवरचा मोटारपंप, सगळं दाबून नाहीतर ओढून चालवत आलेला. त्यांनी पुन्हा दाबलं, या वेळी जोरात. मग सरकवलं, पण बोट काचेने ओळखलंच नाही. घंटा थांबली. “दाबलं त उचलत नाही, सरकवलं त बी उचलत नाही,” गुरुजी म्हणाले, “मंग याले म्हणायचं तरी काय?” परत लावायला गेले तर वरून एक सूचना खाली घसरली, बोट तिच्यावर पडलं आणि कर्ज देणारी एक जाहिरात उघडली. गुरुजींनी आयुष्यात कर्ज घेतलं ते फक्त सोसायटीचं, तेही बियाण्यासाठी. आता ते त्यांना घरबसल्या खाटेवर मिळू शकतं.

काचेने बोट का ओळखलं नाही, याचं कारण शास्त्रीय आहे आणि काचेच्या बाजूचं आहे. टच स्क्रीनला बोटाच्या कातडीतून किंचित वीज वाहावी लागते, त्यासाठी कातडी मऊ आणि थोडी ओलसर हवी. कपाशी वेचून, विळा-फावडं धरून ज्यांची बोटं कोरडी, भेगाळलेली आणि घट्ट झाली आहेत, त्यांचा स्पर्श काचेच्या हिशेबी स्पर्श नव्हे. हा निर्णय मला अत्यंत न्याय्य वाटतो. देशाला अन्न आणि कापड पुरवणाऱ्या बोटांनी आता विश्रांती घ्यावी, फोन नातवाने उचलावा, अशीच रचनाकारांची इच्छा दिसते. नातू नागपूरला शिकायला असेल तर त्याने यायला हवं.

साध्या फोनचा मोह किती घातक असतो, हे इतिहासानेही दाखवलं आहे. नोकियाचा ११०० हा फोन २००३ साली आला. अंगावर टॉर्च, बटणांत धूळ जाऊ नये अशी एकसंध पट्टी, घामेजल्या हातातून निसटू नये अशा खरबरीत कडा. भारतासारख्या देशांतला धुळीचा रस्ता आणि अंधारी वाट डोळ्यांपुढे ठेवून तो केलेला होता. जगभर २५ कोटींहून जास्त लोकांनी तो घेतला. इतक्या लोकांची एकाच वेळी चूक झाल्याचं दुसरं उदाहरण सापडणं कठीण.

आमच्या जिल्ह्यानेही ही चूक फार पूर्वी केली होती, तीही सर्वांत वरच्या पातळीवर. सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजींसाठी बसवलेला टेलिफोन आजही पाहायला मिळतो. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी तातडीने बोलता यावं म्हणून सरकारने तो बसवला. गांधीजी तेव्हा सत्तरीच्या आसपास होते. म्हणजे एका ज्येष्ठ नागरिकासाठी फोन निवडण्याचा प्रश्न खुद्द साम्राज्यापुढे आला होता, आणि साम्राज्याने काय निवडलं? उचलला की ऐकू येतं, ठेवला की बंद, एवढंच जमणारा फोन. ज्याला फोन द्यायचा त्याच्याशी बोलायचं आहे, इतकाच संकुचित विचार त्यामागे होता. असे राज्यकर्ते १९४७ साली गेले यात नवल नाही.

आता खर्चाचा मुद्दा. काही हिशेबी नागरिक म्हणतात की साध्या फोनला वर्षाकाठी रिचार्ज कमी लागतं. त्यांनी २८ दिवसांच्या पॅकचा महिमा समजून घ्यावा. वर्षात महिने १२, पण २८-२८ दिवसांनी रिचार्ज केलं की ते १३ होतात. आपल्या पंचांगात अधिक मास सुमारे तीन वर्षांनी एकदा येतो. टेलिफोन कंपन्या तो दरवर्षी घालतात. पुण्यसंचयाची इतकी वारंवार संधी पंचांगकर्त्यांनाही सुचली नव्हती. शिवाय त्या पॅकमध्ये रोजचा दीड-दोन जीबी डेटा असतो. गुरुजी त्यातला थेंबभर वापरतात. उरलेला रात्री बारा वाजता विझतो आणि सकाळी नवा मिळतो. विनोबांचं पवनार याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे दान ही गोष्ट आम्हाला नवी नाही. पण भूदानात जमीन कुणाला मिळाली ते तरी कागदावर दिसायचं. गुरुजींचं डेटादान अगदीच निरपेक्ष आहे.

ट्रायने मात्र या परंपरेत खोडा घातला. डिसेंबर २०२४ मध्ये या नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना फर्मावलं की ज्यांना फक्त बोलायचं आहे त्यांच्यासाठी फक्त बोलण्याचा आणि एसएमएसचा पॅक द्या; जानेवारी २०२५ पासून असे पॅक आलेही. रिझर्व्ह बँकेने तर त्याआधीच, ८ मार्च २०२२ रोजी, इंटरनेट नसलेल्या साध्या फोनवरूनही यूपीआयने पैसे देता येतील अशी सोय केली होती. यांपैकी एकाही गोष्टीचा सुगावा आपण घरातल्या वृद्धांना लागू दिला नाही. त्याबद्दल आपण सर्वच अभिनंदनाला पात्र आहोत.

सरकारची भूमिका या बाबतीत कुटुंबाला पूरक आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने आपल्या वावरात उभं राहून ॲपमध्ये पिकाचा फोटो टाकायचा. २०२५ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आली. गुरुजी भर दुपारी बांधावर उभे राहतात. उन्हात स्क्रीन काळीठिक्कर दिसते, म्हणून ते टोपी काढून तिची सावली धरतात. मग टक्कल तापतं. ओटीपी येतो तेव्हा चष्मा सदऱ्याच्या खिशात असतो आणि सदरा धुऱ्यावरच्या बाभळीला टांगलेला. चष्मा हाती येईतो ओटीपीची मुदत संपलेली असते. पूर्वी हे काम तलाठी करायचा. त्यात शेतकऱ्याला काहीच व्यायाम होत नसे.

निवृत्तिवेतनाचंही तसंच. जीवन प्रमाण ही सोय १० नोव्हेंबर २०१४ पासून आहे आणि आता फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही हयातीचा दाखला काढता येतो. डोळे मिचकावायचे. दरवर्षी नोव्हेंबर आला की गुरुजी भिंतीला पाठ टेकून बसतात आणि आपण जिवंत आहोत हे डोळे मिचकावून सांगतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा लवकर मिटत नाही, मग पुन्हा करायचं. बायको दारातून म्हणते, “मी सांगते ना जित्ते हायेत म्हणून.” पण ॲपमध्ये बायकोच्या साक्षीचा रकाना नाही.

या फोनचा सर्वांत मोठा लाभ मी मुद्दाम मागे ठेवला होता. साध्या फोनवर लुबाडणाऱ्यांची फार गैरसोय होत असे. बिचाऱ्यांनी पोलिसाचा गणवेश शिवून घ्यायचा, मागे अशोकस्तंभाची पाटी लावायची, टेबलावर फायली रचायच्या, आणि समोरच्या माणसाच्या फोनला चित्रच दिसू नये? लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल पाठवावी आणि ती उघडूच नये? व्हिडिओ कॉल असलेला फोन हाती आल्यावर ‘डिजिटल अरेस्ट’ आता खाटेपर्यंत पोचते. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये अशी अटक कायद्यात नाहीच असं सांगितलं, आणि फसवणूक झाली तर १९३० हा नंबर लावायचा असतो. तो लावण्यासाठी आधी हिरवं चक्र, मग आकड्यांचं चित्र, मग आकडे. गुरुजींना तिथवर पोचायला जितका वेळ लागतो, तितक्यात पैसे तीन खात्यांतून फिरून आलेले असतात. आर्वीतल्या माणसाच्या बचतीने एवढा प्रवास पूर्वी कधी केला नव्हता.

प्रवासावरून आठवलं. पुलगाव-आर्वी मार्गावर पूर्वी शकुंतला धावायची. नॅरोगेजची गाडी, चाल बैलगाडीला लाजवणारी नव्हे, पण फलाटावर उभा असलेला कोणताही म्हातारा तिच्यात चढू शकत असे. ती बंद झाली, आणि ब्रॉडगेजच्या आशेवर आम्ही बसने जाऊ लागलो. जे हळू पण चालत होतं ते काढून घ्यायचं आणि त्या जागी मोठ्या गोष्टीचं नाव ठेवायचं, हे शास्त्र आर्वीकरांना फोनच्या आधीपासून ठाऊक आहे. त्यामुळे आमच्या ज्येष्ठांची कुरकूरही बेताचीच असते.

आता थोडं मुलांच्या बाजूने. टच फोन दिला तो व्हिडिओ कॉलसाठी, म्हणजे प्रेमापोटी, यात मला शंका नाही. दर रविवारी संध्याकाळी कॉल येतो. नातवाने लावून दिला तर चांगला होतो. एकट्याने उचलला तर पुण्याला गुरुजींचं कपाळ दिसतं, नाहीतर छताचा पंखा. मुलगा पंख्याशी बोलतो, “बाबा, तब्येत कशी आहे?” पंखा चांगला फिरत असतो. मुलाचं समाधान होतं.

एक विनंती मात्र तरुण वाचकांना करावीशी वाटते. फोन घेताना वडिलांना सोबत दुकानात नेऊ नका. नेलंत तर ते हातात धरून बघतात, बटणं मोठी आहेत का विचारतात, आवाज किती मोठा होतो ते ऐकतात, मागे संकटकाळचं एसओएस बटण आहे का बघतात, मेनू मराठीत येतो का ते पाहतात. दुकानदारही अनेकदा जुन्या वळणाचा निघतो आणि सांगून बसतो की जिओचं सिम असेल तर फोरजी चालणारा बटणवाला घ्या, कारण जिओचं टूजी जाळंच नाही. एवढ्यावर पाच मिनिटांत व्यवहार होतो, दीड-दोन हजारांच्या आत, आणि मग पुढची दहा वर्षं तुम्हाला कुणी काही विचारत नाही.

गेल्या गुरुवारी रात्री गुरुजींच्या मुलाचा फोन मला आला. “काकाजी, बाबा फोन उचलून नाही राहिले, सतरा वेळा लावला. जरा पाहता का?” मी चपला घालून गेलो. गुरुजी खाटेवर बसून रेडिओ ऐकत होते. टच फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता, त्याचा आवाज कोणत्या तरी बोटाने बंद होऊन गेलेला. मी माझा फोन गुरुजींच्या कानाला लावला. बापलेक बारा मिनिटं बोलले. कपाशीचा भाव, सुनेची नोकरी, खोकला. बोलून झाल्यावर गुरुजींनी लाल बटण दाबलं आणि फोन मला परत दिला.

माझा फोन बटणवाला आहे.