सातबासष्ट

सातारा जिल्ह्यातल्या मिल्ट्रीवाल्या गावांत फौजेतून परतलेला कुणीही असो, तो 'मेजर'च. शिपाई म्हणून पेन्शन घेतलेला मेजर, सुभेदार झालेलाही मेजर. मग नेमका कोणता मेजर, हे सांगायला पुरवणी नाव लागतं. आबांचं पुरवणी नाव सातबासष्ट. सातबाऱ्यावर त्यांच्या नावाने थोडीफार माळरान जमीन आहे. पण खरा जीव ७.६२ मिलिमीटरच्या गोळीवर.

बेळगावच्या सेंटरमध्ये रंगरूट असताना खांद्याला ७.६२ ची एसएलआर रायफल लागली आणि आबांचं लग्न तिथंच लागलं म्हणायचं. (काकूंशी लागलं ते नंतर, आणि काकूंना हा क्रम ठाऊक आहे.) नोकरी संपत आली तेव्हा पलटणीत इन्सास आली. तिची गोळी ५.५६ ची. आबांनी ती रेंजवर एकदा हातात घेतली, फायर केली, परत दिली आणि त्या दिवसापासून देशाचं काही खरं नाही असं मानायला लागले.

"खांदा हललाच नाही," हे ते आजही तक्रारीच्या सुरात सांगतात.

आता खांदा न हलणं हाच त्या गोळीचा मोठा गुण. धक्का कमी, म्हणून दुसरी गोळी पहिलीच्या जवळ जाते आणि नवख्या पोराचंही ग्रुपिंग जमतं. वेग सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास, त्यामुळे तीनशे मीटरपर्यंत ती जवळजवळ सरळ रेषेत जाते. अमेरिकेने व्हिएतनाममध्ये एम-१६ उतरवली ती याच हिशेबावर: चकमकी बहुतेक जवळून होतात, मग हजार मीटरचा दारूगोळा पाठीवर कशाला वाहायचा? पण आबांच्या मते जी रायफल खांदा निळा करत नाही, ती समोरच्याचं काय करणार?

पटवून देण्याची त्यांची रीत ठरलेली. पारावर बसलं की खिशातून दोन नाणी काढायची. एक जुनं जाडजूड पाच रुपयांचं, एक हल्लीचं रुपयाचं. वजनाने ती जवळपास दोन गोळ्यांइतकीच भरतात: एसएलआरची साडेनऊ ग्रॅम, इन्सासची चार. दोन्ही समोरच्याच्या तळहातावर ठेवायची आणि विचारायचं, "कुठलं लागंल?" रुपयाचं म्हणणारा माणूस अजून गावात निपजलेला नाही. निपजला असता तर त्याला वाऱ्याचं व्याख्यान ऐकावं लागलं असतं. तेही खोटं नाही म्हणा. हलकी गोळी लांब पल्ल्यावर वाऱ्याने जास्त सरकते, तिचा जोर लवकर ओसरतो, आणि भिंतीआड दडलेल्या माणसाला ७.६२ चं भय जास्त.

अकरावी सायन्सला असलेल्या नातवाने एकदा वहीत गणित मांडलं. ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, हे ऐकून आबांचा चेहरा उतरला. वर्ग करायचा म्हणजे वेगवाल्याची बाजू वरचढ होणार. पण उत्तर आलं ते असं: एसएलआर सुमारे ३३०० जूल, इन्सास साधारण १७००.

"निम्मी!" आबा उभे राहिले.

"पण आबा, एक अख्खा राउंडही निम्म्याच वजनाचा आहे. चोवीस ग्रॅम आणि बारा. म्हणजे तेवढ्याच ओझ्यात दुप्पट गोळ्या. एकूण सारखंच झालं."

आबांनी त्याला अभ्यासाला पाठवलं.

खरा सामना बापूशी. बापू नव्वदच्या दशकात भरती झालेला, इन्सासवर नोकरी काढलेला निवृत्त हवालदार. आबा त्याला कारगिलच्या थंडीत तडकलेल्या प्लॅस्टिकच्या मॅगझिनांवरून झोडतात. "मॅगझिन तडकलं, त्यात गोळीचा काय दोष?" एवढंच तो म्हणतो. ही गोळी मारत नाही, नुसती जखमी करते आणि जखमीला उचलण्यात शत्रूची दोन माणसं अडकतात, म्हणून मुद्दाम तशी बनवली, हा आबांचा लाडका सिद्धान्त. तो बराकीत जन्मलेला आणि बराकीतच शोभणारा. गोळी छोटी केली ती वजनासाठी आणि ताब्यासाठी. जवळून ती लागली की आत आडवी होते, कधी फुटतेही, आणि मग ती जखम लहान राहत नाही. दूरवर वेग उतरला की मात्र तो गुण जातो. हे सगळं बापू बोलत नाही. "मी तसला एक उचललाय मेजर," म्हणाला एकदा, आणि त्या संध्याकाळी आबांनी नाणी बाहेर काढली नाहीत.

आबांच्या घराण्यातच हे आहे. त्यांचे चुलते थ्री-नॉट-थ्रीवाले. त्यांची गोळी अकरा ग्रॅमची. एका गोळीनंतर बोल्ट ओढायला वेळ लागतो, तेवढ्यात माणूस विचार करतो, असं ते म्हणत, आणि पुतण्याच्या एसएलआरला 'फटाक्यांची माळ'. आबांना ही आठवण करून दिलेली खपत नाही.

अलीकडे मात्र आबांचे दिवस पालटले. २०१९ साली फौजेने अमेरिकेकडून ७.६२ च्या सिग रायफली मागवल्या, आबांनी पेढे वाटले. २०२२ मध्ये खुद्द अमेरिकेने नव्या रायफलीसाठी ६.८ मिलिमीटरची गोळी निवडली. "पोचतायत हळूहळू," आबा म्हणाले. मग अमेठीजवळ कोरव्याला एके-२०३ बनू लागली, तीही ७.६२ च. आबांनी बातमीचं कात्रण पाराच्या कट्ट्यावर दगडाखाली ठेवलं.

बापूने ते वाचलं. "मेजर, घेर तुमचाच. पण काडतूस तुमचं नाही. तुमची केस एक्कावन्न मिलिमीटर लांब, हिची एकोणचाळीस. गोळी आठ ग्रॅमची, वेग सातशेच्या जरा वर. दारू कमी भरते हिच्यात."

आबा बराच वेळ कात्रणाकडे बघत होते. मग नातवाला हाक मारून वही-पेन घेऊन यायला सांगितलं.

"लिही. माननीय संरक्षणमंत्री, नवी दिल्ली. विषय: केस बारा मिलिमीटरने वाढवणेबाबत."

"मेजर, मग रायफलच बदलावी लागेल," बापू म्हणाला.

"बदलू द्या की. आपल्याला कुठं घाई आहे?"