सहा दिवसांत चार बेटं

ग्रीसच्या बेटांवर निघालेल्या माणसाकडे हल्ली एक छापील कार्यक्रम असतो. अर्धा दिवस अथेन्स, दीड दिवस मिकोनोस, एक दिवस पारोस, एक दिवस नाक्सोस, दोन दिवस सँटोरिनी. सातव्या दिवशी सकाळी परतीचं विमान. असा कार्यक्रम कुणी कौतुकाने दाखवला की माझं डोकं फिरतं. त्यात न्याहारीची वेळ आहे, फोटोची आहे, खरेदीची आहे. वाऱ्याला मात्र जागाच ठेवलेली नाही, आणि एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये वारा म्हणेल तेच होतं.

या वाऱ्याला मेल्टेमी म्हणतात. तो उत्तरेकडून येतो, कोरडा असतो आणि एकदा लागला की कधी कधी दिवसचे दिवस थांबत नाही. पावसाचं चिन्ह नसतं, ढग नसतात, ऊन लख्ख पडलेलं असतं. म्हणूनच आपल्या माणसाला पटत नाही. आभाळ इतकं स्वच्छ असताना जहाज बंद कसं, असं म्हणत तो तिकीट खिडकीवर वाद घालत बसतो. वाद घालून काही होत नाही. वारा ठरलेल्या जोराच्या वर गेला की बंदर अधिकारी जहाजं सोडत नाहीत, आणि वेगवान लहान बोटी तर मोठ्या जहाजांच्या आधीच रद्द होतात. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद होतात तेव्हा मुंबईकर भांडायला जात नाही. समुद्र खवळलाय एवढं त्याला पुरतं. तोच माणूस अथेन्सच्या पिरेयस बंदरात गेल्यावर हे विसरतो.

रद्द झालेल्या जहाजाचे पैसे परत मिळतात किंवा पुढचं जहाज मिळतं. चुकलेल्या विमानाचे पैसे कुणी देत नाही. म्हणून परतीच्या विमानाची आदली रात्र अथेन्समध्येच काढावी. बेटावरून सकाळी निघून दुपारचं आंतरराष्ट्रीय विमान गाठू, हा हिशेब जुलै-ऑगस्टमध्ये कुणीही करू नये. ज्यांना विमानतळावरून थेट बेटावर जायचंय त्यांनी राफिना हे बंदरही पाहावं, ते विमानतळाला पिरेयसपेक्षा जवळ आहे. पिरेयस अवाढव्य आहे. त्याच्या प्रवेशद्वारांना क्रमांक आहेत आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बॅगा ओढत जाणं म्हणजे शिक्षा आहे. तिकिटावर कोणतं द्वार लिहिलंय ते टॅक्सीत बसण्याआधी वाचायला दोन मिनिटं लागतात, आणि ती दोन मिनिटं कुणी देत नाही.

बंदरावरचा एक प्रकार तर दर जहाजाला पाहायला मिळतो. लहान बेटावर मोठं जहाज जेमतेम काही मिनिटं थांबतं. धक्का जवळ आला की साखळ्यांचा खडखडाट होतो, मागचा लोखंडी दरवाजा पाण्यावर झुकू लागतो, आणि गावची माणसं खालच्या गाड्यांच्या मजल्यावर सामान घेऊन आधीच उभी असतात. पाहुणे वरच्या डेकवर धक्क्याचे फोटो काढत असतात. दरवाजा टेकला की मग त्यांची धावपळ होते. अरुंद जिन्यावर बॅगा अडकतात, पोरं रडतात, खाली ट्रकवाले हॉर्न वाजवतात, आणि कुणीतरी ओरडतं, "अहो, जरा थांबवा ना त्यांना!" ते थांबत नाहीत. त्यांना पुढची तीन बंदरं वेळेत गाठायची असतात. उतरायच्या पंधरा मिनिटं आधी खाली येऊन उभं राहावं, यात अवघड काय आहे?

या साऱ्या धावपळीच्या मुळाशी एकच समजूत आहे: बेट म्हणजे फोटोमागचं चित्र. तसं ते नाही. ग्रीसमध्ये लहानमोठी सहा हजारांच्या आसपास बेटं आहेत आणि त्यांपैकी सव्वादोनशेच्या घरात बेटांवर वस्ती आहे. वस्ती म्हणजे शाळा, चर्च, कचरा, आजारी म्हातारी माणसं आणि पिण्याच्या पाण्याची ओढाताण. सँटोरिनीची लोकसंख्या सुमारे साडेपंधरा हजार, आणि २०२३ मध्ये तिथे सुमारे ३४ लाख पाहुणे येऊन गेले. प्रवासी क्रूझ जहाजांतून उतरणाऱ्यांवर २०२५ पासून दिवसाला ८ हजारांची मर्यादा घालावी लागली. त्याच वर्षापासून सँटोरिनी आणि मिकोनोसला उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशाला ऐन मोसमात २० युरो शुल्क पडतं. हॉटेलातही दर रात्री खोलीमागे हवामान संकटासाठीचा कर द्यावा लागतो. २०२५ च्या मोसमात तो तीन तारांकित हॉटेलात ५ युरो आणि पंचतारांकितमध्ये १५ युरो होता. हा कर बहुधा हॉटेलातच भरायचा असतो. स्वागतकक्षात 'आम्ही तर सगळे पैसे आधीच भरलेत' म्हणून आवाज चढवणाऱ्यांनी आरक्षणाखालचा बारीक मजकूर वाचलेला नसतो.

सँटोरिनीला नदी नाही, पाऊस कमी, आणि नळाला येणारं पाणी बहुतांशी समुद्राचं खारं पाणी गोडं करून दिलेलं असतं. अर्धा अर्धा तास शॉवर सोडून ठेवणाऱ्यांना हे माहीत असायला हवं. न्हाणीघरात कागद शौचकुपात टाकू नका, शेजारच्या डब्यात टाका, अशी पाटी असते, कारण नळ्या अरुंद असतात आणि तुंबतात. ही पाटी पाहून लोक नाकं मुरडतात आणि कागद नेमका शौचकुपातच टाकतात. तुंबलेली नळी दुसऱ्या दिवशी घरमालकीण साफ करते. उन्हाळ्यात दुपारी तीन ते साडेपाच ही विश्रांतीची वेळ असते आणि तेव्हा गोंगाट करायचा नाही, असा नियमच आहे. आपल्याकडे दुपारी झोपलेल्या आजोबांसाठी घरातली पोरं कुजबुजत बोलतात. तेच कुटुंब नाक्सोसच्या गल्लीत भर दुपारी स्पीकर लावून रील बनवतं, हे मला खरोखर खटकतं.

सँटोरिनीच्या ईया गावातला सूर्यास्त हे तर मोठंच दुखणं. किल्ल्याच्या पडक्या भिंतीपाशी दोन तास आधीपासून माणसाला माणूस घासतो. निळ्या घुमटांच्या चर्चच्या छपरांवर लोक चढतात, लोकांच्या गच्च्यांत घुसतात. आपल्याकडच्या प्री-वेडिंग शूटचं लोण तिथे पोहोचलंय. वाऱ्यावर वीस फूट उडणारा भाड्याचा झगा, दोन छायाचित्रकार, एक ड्रोन, आणि अडलेली गल्ली. मागे दळण-किराण्याच्या पिशव्या घेतलेली आजीबाई उभी असते. तिचं घर त्या गल्लीच्या पुढे असतं. सूर्य साऱ्या कड्यावरून सारखाच बुडताना दिसतो. इमेरोविग्लीहून दिसतो, बेटाच्या दुसऱ्या टोकाला आक्रोतिरीच्या दीपगृहापासून दिसतो. तिथे उभं राहायला जागाही मिळते.

सँटोरिनीच्या जुन्या बंदरापासून फिरा गावापर्यंत पाचशेहून जास्त पायऱ्या आहेत आणि रज्जुमार्गही आहे. तरी लोक गाढवावर बसतात. २०१८ मध्ये ग्रीक सरकारने नियम केला, की जनावरावर १०० किलोपेक्षा किंवा त्याच्या वजनाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त भार टाकायचा नाही. असा नियम करावा लागला यातच सगळं आलं. धडधाकट माणसाने भर उन्हात त्या मुक्या जिवाच्या पाठीवर बसू नये. रज्जुमार्गाच्या रांगेत थांबावं.

आता खाण्याची तक्रार. 'तिथे शाकाहारी काही मिळतच नाही' असं आपली माणसं परत येऊन सांगतात. हे साफ चूक आहे, आणि ऐकणारे ते खरं मानून बॅगेत आठवडाभराचे ठेपले भरतात. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथात उपासाचे दिवस भरपूर आहेत. त्या दिवशी मांस, दूध, अंडी वर्ज्य. त्यामुळे ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या, मोठे पांढरे घेवडे, भात भरलेले टोमॅटो, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात असे पदार्थ घरोघरी होतात. सिफ्नोस बेटावर शनिवारी संध्याकाळी छोले मातीच्या भांड्यात कांदा आणि तेल घालून लाकडाच्या भट्टीत ठेवतात. ते रात्रभर मंद शिजतात आणि रविवारी चर्चहून आल्यावर खातात. सँटोरिनीची फावा ही पिवळी, घोटलेली डाळ लाखोळीच्या जवळच्या कुळातली आहे. विदर्भातल्या माणसाला ती परकी वाटू नये. एक सावधगिरी हवी. उपासाच्या पदार्थांत कोळंबी, माकूळ आणि ऑक्टोपस चालतात. म्हणून नुसतं उपासाचं मागू नका, मांस आणि मासळी दोन्ही नको असं स्पष्ट सांगा. भरलेल्या भाज्यांत खिमा आहे का, तेही विचारा.

मासे खाणाऱ्यांचीही एक चूक ठरलेली. ताजा मासा किलोच्या भावाने विकतात. शिजवण्याआधी समोर वजन करून घ्यावं आणि भाव विचारावा. न विचारता मागवायचं आणि बिल पाहून हॉटेलवाल्याला लुटारू म्हणायचं, हे बरं नव्हे. खरंच लुबाडणारेही आहेत. त्यांच्यासाठी ग्रीक कायद्यात सोय आहे: छापील पावती दिली नाही तर ग्राहकाला पैसे देण्याचं बंधन नाही, आणि तसं लिहिलेलं खानावळीत वाचायला मिळतं. किनाऱ्यावरच्या खुर्च्यांचंही तेच. पारोसच्या रहिवाशांनी २०२३ मध्ये टॉवेल घेऊन आंदोलन केलं, कारण भाड्याच्या खुर्च्यांनी सगळी वाळू बळकावली होती. किनारा सार्वजनिक आहे. मोकळ्या भागात आपला पंचा अंथरून बसायला कुणाची परवानगी लागत नाही.

काही चुका तापदायक नसतात, जीवघेण्या असतात. बेटावर उतरलं की चारचाकी एटीव्ही भाड्याने घ्यायची हौस असते. तिथे वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालतात, वळणं कड्याच्या कडेची असतात आणि वाळू-खडीवरून चाक घसरतं. आपला परवाना तिथे पुरत नाही. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा लागतो. तो नसेल आणि अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करू शकते. आणि ऊन. मुंबई-नागपूरच्या उन्हाची सवय आहे, आम्हाला काय होणार, हा भ्रम सोडा. समुद्रावरचा वारा घाम वाळवतो, म्हणून तहान जाणवत नाही. झाड नाही, सावली नाही, वाट दगडांची. जून २०२४ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवरचे प्रसिद्ध डॉक्टर मायकल मोस्ली सीमी बेटावर भर दुपारी चालत निघाले आणि काही दिवसांनी खडकाळ किनाऱ्यावर त्यांचा मृतदेह सापडला. आरोग्यावर आयुष्यभर बोललेला माणूस होता तो. मिकोनोसजवळच्या डेलोस बेटावरच्या प्राचीन अवशेषांतही सावली जवळपास नाही आणि रात्री मुक्कामाला परवानगी नाही. तिथे सकाळच्या पहिल्या बोटीने जावं, टोपी आणि पाणी घेऊन. मदतीसाठी ११२ हा क्रमांक फोनमध्ये असू द्या.

मोसमाची निवडही आपण आपल्या सुट्ट्यांवर सोडतो. १५ ऑगस्टला जोडून रजा मिळते म्हणून तिकिटं काढतात. त्याच दिवशी ग्रीसमध्ये मदर मेरीचा सर्वांत मोठा सण असतो. तिनोस बेटावर १८२३ मध्ये सापडलेल्या मेरीच्या चित्राच्या दर्शनाला हजारो भाविक येतात. बंदरापासून चर्चपर्यंतच्या चढावर एक पट्टी अंथरलेली असते आणि नवस बोललेल्या बायका त्यावरून गुडघ्यांवर रांगत जातात. तिथे खांदे आणि गुडघे झाकून, फोन खिशात ठेवून उभं राहावं. त्या आठवड्यात जहाजं भरलेली असतात, खोल्या मिळत नाहीत आणि भाव चढलेले असतात. दिवाळीच्या सुट्टीत उलट होतं: ऑक्टोबर संपता संपता लहान बेटांवरची हॉटेलं कुलपं लावतात आणि बोटी कमी होतात. आपल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी मात्र उत्तम. डोंगरांवर रानफुलं असतात, ऊन सोसण्याजोगं असतं, मेल्टेमीचा जोर सुरू व्हायचा असतो. पाणी गार लागतं, एवढंच. ज्यांना सुट्टीचं बंधन नाही त्यांनी सप्टेंबर निवडावा.

क्रीटला एका दिवसात उरकणाऱ्यांना तर हात जोडून सांगणं आहे. हे बेट २६० किलोमीटर लांब आहे. त्यातली सामारिया घळच १६ किलोमीटरची, आणि ती उतरून गेल्यावर खालच्या गावातून बाहेर पडायला रस्ता नाही, बोटच धरावी लागते. क्रीटला आठवडा द्या, नाहीतर या खेपेला ते वगळा.

तेव्हा पुढच्या वर्षीचं आरक्षण करणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. सहल कंपनीने दिलेल्या कार्यक्रमातली दोन बेटं खोडा. उरलेल्या दोन बेटांपैकी एकावर तीन आणि दुसऱ्यावर दोन रात्री राहा, दुपारी झोपा, एका खानावळीत दुसऱ्यांदा जा, आणि शेवटची रात्र अथेन्समध्ये ठेवा. तुमच्या सहल कंपनीला हे जमत नसेल, तर दुसरी शोधा.