दहा किलो खडे मीठ

नागावात घरात नवी वस्तू आली की शेजारीपाजारी आधी तिच्या बुडाशी वाकून बघतात. फ्रिज असो, कपाट असो, नाहीतर शिलाई मशीन. पाय पत्र्याचे आहेत की प्लास्टिकचे, एवढं पाहून झालं की मग किंमत विचारायची. आमच्या वाडीतून समुद्र चालत दहा मिनिटांवर आहे आणि खारं वारं तेवढाही वेळ घेत नाही. फाटकाच्या बिजागऱ्या दर दोन वर्षांनी बदलायच्या, स्कूटरचा सायलेन्सर हातात येईपर्यंत वापरायचा, आणि टीव्ही बंद पडला की दुरुस्तीवाल्याचं ठरलेलं वाक्य ऐकायचं: "बोर्ड खाल्ला हो हवेने."

अशा गावात मी सव्वा लाखाचा कॉम्प्युटर सुटे भाग आणून घरी जोडणार असं जाहीर केलं. आई म्हणाली, "मग वर्षाने भंगारवाला किती देईल तेही आत्ताच विचारून ठेव."

गरज खरी होती. मी बंगल्यांचे नकाशे काढतो. मुंबईची माणसं इकडे जागा घेतात आणि बंगला बांधतात, पूर्वी त्यांना ट्रेसिंग पेपरवरचा प्लॅन दाखवला की "हे किचन का?" एवढं विचारून माणूस समाधानाने चहा घ्यायचा. आता त्यांना बंगला बांधायच्या आधी त्यात हिंडून यायचं असतं. पोहण्याच्या तलावात ढग दिसायला हवेत, ढगांच्या कडा संध्याकाळच्या हव्यात, आणि नारळाची सावली पूर्वेकडेच पडायला हवी. माझ्या जुन्या मशीनला असं एक चित्र तयार करायला रात्र लागे. जेवून रेंडर लावायचा, झोपायचं, आणि सकाळी उठून बघावं तर लाइट अडीच वाजताच गेलेली.

पुतण्या लोणेऱ्याला इंजिनिअरिंग करतो. तो म्हणाला, "काका, आपण एक वर्कस्टेशन बिल्ड करू." वर्कस्टेशन हा शब्द त्याने ज्या गांभीर्याने उच्चारला, तिथेच मला संशय यायला हवा होता.

'बिल्ड' हा शब्दही नवाच. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा लोक विचारायचे, "ब्रँडेड घेतलास की असेंबल्ड?" आणि असेंबल्ड म्हणताना आवाज जरा खाली यायचा. परवडत नाही म्हणून कुणीतरी जुळवून दिलेला, असा त्याचा अर्थ होता. आता तयार डबा घेणाऱ्याची कीव करतात. पुतण्याच्या वहीत पार्टची यादी होती, खोडून खोडून पुन्हा केलेली. माझ्या लग्नाच्या याद्याही इतक्या वेळा बदलल्या नव्हत्या. सहा कोअरचा रायझन प्रोसेसर, त्याला चालेल असा मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, सगळ्यांना वीज पुरवणारा साडेसहाशे वॉटचा एसएमपीएस. त्यातल्या ग्राफिक्स कार्डपुढे त्याने "(कामासाठी)" असं कंसात लिहिलं होतं.

२०२५ च्या मे महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारी आम्ही निघालो. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद होतात, म्हणून मे संपायच्या आत उरकायचं होतं. त्या वर्षी पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला. आधीचा विक्रम १९५६ सालातल्या २९ मेचा होता. म्हणजे आम्ही थोडक्यात साधलं.

मांडव्याहून लाँचने गेटवे, आणि तिथून ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडच्या पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण ते सांगून टॅक्सीवाला नेमक्या जागी सोडेल या भरवशावर राहू नका. तिथलं दुकान म्हणजे दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने फुटपाथवरून भाव विचारायचा. मालकाने यादी पाहिली, चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "किधर से आये?"

"अलिबाग से."

काउंटरवरचा मराठी पोरगा खाली वाकून काहीतरी शोधायला लागला. हसत होता, दुसरं काय!

मुंबईत 'अलिबागहून आलायस का?' याचा अर्थ काय होतो ते मी सांगायला नको. या वाक्यावर बंदी घाला म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिकाही झाली होती. २०१९ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. मला तो निकाल मान्य आहे. बाजारात या वाक्याचा फायदाच होतो. समोरचा बावळट आहे अशी खात्री पटली की दुकानदार मोकळेपणाने बोलतो. मालक म्हणाला, समुद्राजवळ राहता ना, मग तीन बाजूंनी काच असलेलं शोभेचं कॅबिनेट घेऊ नका. पुढच्या जाळीला काढून धुता येईल असा फिल्टर हवा. एसएमपीएसमध्ये पैसे वाचवू नका. आणि रॅम सोळा नको, एकदम बत्तीस जीबी घ्या.

पहिले तीन सल्ले मी ऐकले. चौथा ऐकताना मला वाटलं, आता मात्र हा अलिबागकरालाच गाठतोय. "सोळा पुरे," मी ठामपणे म्हणालो. "दिवाळीत वाढवू."

परतताना खोक्यांवर समुद्राचं पाणी उडू नये म्हणून भाऊच्या धक्क्याहून रो-रो बोटीने आलो. आत थंडगार हवेत, कॅबिनेटचं खोकं शेजारच्या खुर्चीवर. एका बाईंनी विचारलं, "मायक्रोवेव्ह का?" मी हो म्हटलं. पुतण्याला ते फार लागलं.

अलिबागेत मिनीडोर रिक्षा बदलताना मला वेधशाळा आठवली. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी पूर्वी मुंबईत कुलाब्याला चाले. मग मुंबईची ट्राम विजेवर चालवायचं ठरलं आणि मोजणी करणाऱ्यांना धास्ती पडली: एवढी वीज शेजारून वाहायला लागली की नाजूक चुंबकसुया बहकणार. म्हणून १९०४ साली मोजणी अलिबागला आणली, लोखंड कटाक्षाने टाळून बांधलेल्या इमारतीत. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली आणि १९६४ मध्ये कायमची थांबली. अलिबागची मोजणी अजून चालू आहे. विजेच्या गोंगाटापासून लांब म्हणून साहेबाने जे गाव निवडलं, त्याच गावात मी पाच पंखे, त्यांच्या पोटातली लोहचुंबकं आणि साडेसहाशे वॉट मांडीवर घेऊन चौथ्या सीटवर बसलो होतो. नशीब, नागाव अलिबागपासून काही मैलांवर आहे.

जोडणी रविवारी ओटीवर झाली, चटईवर जुनी चादर अंथरून. पुतण्याने मोबाइलवर एक व्हिडिओ लावला होता. त्यातला अमेरिकन मुलगा मनगटाला वायर असलेला पट्टा बांधून बसला होता. कोरड्या हवेत अंगावर साठलेल्या स्थितिक विजेने चिप जळू शकते म्हणे. आमच्याकडे मेच्या अखेरीस कढईतला पापड ताटात येईपर्यंत सादळतो. स्थितिक विजेची काय बिशाद!

प्रोसेसर म्हणजे चार सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद एक चपटा तुकडा. वजनाला अगदीच हलका. मदरबोर्डवरच्या त्याच्या जागेत १,७१८ पिना असतात, केसासारख्या. त्यातली एकही वाकता कामा नये आणि वाकली की नाही हे डोळ्यांना दिसता कामा नये, अशी एकूण रचना. प्रोसेसर ठेवायचा, वरची चौकट लावायची आणि बाजूचा चाप खाली दाबायचा. तो सहज दबत नाही. कर्र असा आवाज येतो, काळजाचंही तेच होतं, आणि वरचं काळं प्लास्टिकचं झाकण टणकन उडून माजघरात जातं. पुतण्या म्हणाला, असंच व्हायला हवं. त्याने डोळे मिटून घेतले होते हे मी पाहिलं.

मग प्रोसेसरवर करडी पेस्ट लावली, वाटाण्याएवढी. त्याची उष्णता वरच्या कूलरपर्यंत नीट पोहोचावी म्हणून. आई दारातून बघत होती. तिने विचारलं, "कसली चटणी ती?"

सगळ्यात अवघड काम सगळ्यात फालतू वायरींचं असतं. पॉवरचं बटण, रीसेटचं बटण, दोन इवलेसे दिवे: यांच्या टोकांवर मुंगीएवढी अक्षरं, आणि त्या बोर्डाच्या कोपऱ्यातल्या नऊ पिनांवर बसवायच्या. मी तीस वर्षं अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा मारल्यात, पण इथे वाचायचा चष्मा, त्यावर भिंग आणि पुतण्याच्या मोबाइलचा टॉर्च लागला. शेवटी एक स्क्रू उरला. तो उरतोच. पंप उघडला तेव्हाही उरला होता आणि पंप चालतोय.

बटण दाबलं. पंखे फिरले, रंगीत दिवे लागले: निळा, जांभळा, मोरपंखी. पडदा काळा. एक मिनिट झालं, दोन झाली. आम्ही बंद केलं, पुन्हा चालू केलं. काळाच. पुतण्याचा चेहरा निकालाच्या दिवशी होतो तसा झाला. मग त्याला कुठेतरी वाचायला मिळालं की या नव्या रॅमची आणि प्रोसेसरची पहिल्यांदा गाठ पडते तेव्हा यंत्र आतल्या आत विजेचा दाब, वेळा, सगळं जुळवून बघत असतं. त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, काही मिनिटं लागतात, आणि तोवर हात लावायचा नसतो. आम्ही मुकाट्याने बसलो. तिसऱ्या मिनिटाला लाइट गेली.

यूपीएस यादीत होता. तोही मी दिवाळीवर ढकलला होता.

संध्याकाळी लाइट आली, आणि घरातली पाच माणसं काळ्या पडद्यासमोर न बोलता बसली. अखेर पडद्यावर अक्षरं उमटली. आई म्हणाली, "दिवे बरे आहेत. गणपतीत मखराशेजारी ठेवता येईल."

दुसऱ्या दिवशी कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या. चप्पल घातली तर नाही, अनवाणी मात्र नक्की. वायरमनला बोलावलं. त्याने टेस्टर लावला आणि निकाल दिला: भिंतीतल्या सॉकेटची तिसरी पिन शोभेची आहे, तिला अर्थिंगच नाही. एसएमपीएसमध्ये विजेतला कचरा गाळणारा एक फिल्टर असतो. तो थोडी वीज कॅबिनेटच्या पत्र्यातून जमिनीत सोडतो. जमिनीचा रस्ता नसला की ती तुमच्यातून जाते.

"विहिरीकडच्या बाजूला खड्डा घेऊ," तो म्हणाला. "तांब्याची पट्टी, लोणारी कोळसा, आणि दहा किलो खडे मीठ आणून ठेवा."

"काय आणू?"

"मीठ, मीठ. ओल धरून ठेवतं. वीज जमिनीत उतरायला सोपं जातं."

मिठापासून वाचवायला मी जाळीचे फिल्टर आणले होते, सिलिका जेलच्या पुड्या आणल्या होत्या, खोली पश्चिमेची सोडून पूर्वेची घेतली होती. आणि आता वाण्याकडून पिशवी भरून मीठ आणून यंत्राच्या नावाने पुरलं. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडू द्यायचा नाही असंही वायरमनने बजावलंय. त्यामुळे मार्चपासून पोफळींना शिंपताना मी एक बादली कॉम्प्युटरलाही घालतो.

रेंडर आता रात्रभर लागत नाही, चहा होईपर्यंत होतो. त्यामुळे उरलेल्या वेळात यंत्र रिकामं असतं. पुतण्याचं म्हणणं असं की दमट हवेत मशीन बंद ठेवलं तर ओल धरते आणि गंज चढतो. ते रोज चार तास चांगलं तापलं पाहिजे. मी दुरुस्तीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, पोरगा बरोबर बोलतो. एखाद्याच्या मौजेला विज्ञानाचा इतका भक्कम पाठिंबा मी पाहिलेला नाही.

सुट्टीत आला की तो जो खेळ खेळतो त्याचं नाव असॅसिन्स क्रीड: ब्लॅक फ्लॅग. जहाजांच्या लढाया, तोफा, वादळं, समुद्री चाचे. स्थळ कॅरिबियन, काळ १७१५ पासून पुढचा. मी सहज मागे उभा राहिलो आणि मग जेवण टळेपर्यंत उभाच होतो. शिडातून वारा भरताना दिसतो, लाटेवर तोफेचा उजेड पडतो. माझे पोहण्याचे तलाव त्यापुढे काहीच नाहीत. "नेमक्या याच वर्षांत इथे काय चाललं होतं माहीत आहे का?" मी म्हणालो. "१७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले होते. कान्होजी आंग्र्यांनी परतवले. इंग्रज त्यांनाही चाचाच म्हणायचे."

"हो?" तो म्हणाला. "मग त्याची गेम का नाही काका?" आणि त्याने एक स्पॅनिश जहाज बुडवलं.

मला उत्तर देता आलं नाही. किल्ला ओहोटीला चालत जाण्याइतका जवळ आहे, आणि पोरं तोफा डागायला क्युबाच्या बाजूला जातात.

बाकी एकच सल बोलून दाखवायची आहे. दिवाळी आली तेव्हा पोहण्याच्या तलावांनी सोळा जीबी भरून टाकली होती, आणि मी रॅमचा भाव विचारायला फोन केला. जगभर एआयसाठी डेटा सेंटरं उभी राहताहेत, मेमरीच्या चिपा त्यांच्याकडे चालल्यात, आणि २०२५ च्या अखेरीस किमती अशा चढल्या की मी फोन ठेवून पुन्हा लावला, चुकीच्या दुकानात लागला असेल म्हणून. वर्ष संपेपर्यंत भाव मेच्या दुपटीच्याही वर गेला होता. यातलं एक मोठं डेटा सेंटर आमच्याच जिल्ह्यात आहे, पनवेलला, २०२० पासून. आता वडखळवरून पनवेलकडे जाताना मी त्या दिशेला जरा रागाने बघतो.

आठ-आठच्या दोन पट्ट्या अजून तशाच आहेत. दर पावसाळ्यानंतर त्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासायचे, फुंकर मारायची आणि परत बसवायच्या. तेव्हा कुणी मेआधी हौसेने सोळा-सोळाच्या डीडीआर५ पट्ट्यांची जोडी घेऊन ठेवली असेल आणि ती नुसती पडून असेल, तर जुन्या भावाने द्यावी. न्यायला मी मांडव्याच्या धक्क्यावर येईन. आणि हो, अलिबागहूनच येईन.