हौशी खगोलप्रेमींसाठी उपकरण-मार्गदर्शिका (मेव्हण्यांसह)

प्रस्तुत मार्गदर्शिका आकाश पाहू इच्छिणाऱ्यांसाठी नाही. आकाश पाहायला मान वर करावी लागते, बाकी काही लागत नाही. ही आहे आकाश पाहण्याची उपकरणे घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी. ही जमात वेगळी. तिचा एक अस्सल नमुना कोथरूडला, माझ्या सासुरवाडीत, राहतो. नात्याने मेव्हणा, पण वयाने माझ्याहून मोठा, म्हणून पुढे सर्वत्र आदरार्थी बहुवचन योजले आहे. खालच्या नियमांपैकी निम्मे मेव्हण्यांनी स्वतः घालून दिले; उरलेले त्यांच्याकडे पाहून मी बनवले.

नियम पहिला. दुर्बीण जूनमध्ये घ्यावी. तेव्हा मृग नक्षत्र लागलेले असते, म्हणजे सूर्य मृगात असतो, म्हणजे ज्या मृगातला तेजोमेघ पाहण्यासाठी आपण दुर्बीण घेतली तो भर दुपारी ढगांच्या वर असतो. पुढचे चार महिने आभाळ दिसत नाही. या काळात दुर्बीण दिवाणखान्यात उभी राहते, येणारा-जाणारा तिच्यातून समोरच्या इमारतीत बघायचा प्रयत्न करतो आणि मालकाला खरेदीबद्दल बोलायला मिळते. मेव्हण्यांना खगोलशास्त्रातला हाच भाग सर्वांत आवडतो.

नियम दुसरा. खोक्यावरचा आकडा मोठा बघून घ्यावा. बाजारात ‘६७५ पट’ असे छापलेली खोकी मिळतात. हिशेब सोपा आहे : मुख्य भिंगाचे किंवा आरशाचे नाभीय अंतर भागिले आयपीसचे नाभीय अंतर. नऊशे भागिले चार म्हणजे सव्वादोनशे, त्यावर तीनपटीचा बार्लो (पट वाढवणारे जोडभिंग) चढवला की झाले सहाशे पंचाहत्तर. कागदावर यात काहीही खोटे नाही. फक्त दिसत काही नाही. भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि त्याची दुप्पट करा. त्यापलीकडचे सगळे मोठेपण धुकट. ६० मिलिमीटरच्या भिंगाला फार तर १२० पट, तेही हवा अगदी स्थिर असेल त्या रात्री. गॅलिलिओने १६१०च्या जानेवारीत गुरूचे चंद्र पाहिले ते वीसेक पटीत. खोक्यावर शनीचा जो फोटो असतो तो आतल्या दुर्बिणीतून काढलेला नसतो, बहुधा अंतराळयानाने काढलेला असतो, आणि यान खोक्यात मिळत नाही. म्हणून पट विचारू नका, व्यास विचारा. मेव्हण्यांनी पट विचारला. तो बार्लो आता भाच्याच्या खेळण्यांत आहे.

नियम तिसरा. आधी १०×५० ची द्विनेत्री घ्यावी. कृत्तिका तिच्यात जशा दिसतात तशा कुठल्याच मोठ्या दुर्बिणीत दिसत नाहीत. हा सल्ला सगळे जाणकार देतात आणि कोणीही मानत नाही, तेव्हा पुढे जाऊ.

नियम चौथा. घेण्यापूर्वी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून पाहावे. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून हे काम करते आहे. मुंबईकरांना खगोल मंडळाबरोबर वांगणीला एक रात्र जागता येते. तिथे डोळ्याला दिसते ते किती फिकट, किती करडे असते हे आधीच कळते आणि पुढची निराशा स्वस्तात आटोपते. मेव्हणे अशा एका आकाशदर्शनाला गेले होते. रात्रभरात त्यांनी एकाही आयपीसला डोळा लावला नाही, पण प्रत्येक दुर्बिणीची किंमत विचारून आले.

आता खरी निवड. ज्याला बघायचे आहे त्याने डोबसन घडणीची सहा किंवा आठ इंची दुर्बीण घ्यावी, विषय संपला. पण इथे मला दोन शब्द जास्त बोलायचे आहेत, कारण जॉन डोबसन या माणसाबद्दल मला ममत्व आहे. हा सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठातला संन्यासी. जहाजाच्या खिडकीची जाड काच मिळवून तिचा आरसा घासला, पुठ्ठ्याची नळी केली, खाली लाकडी पेटी, आणि ही अवजड वस्तू रस्त्यावर ओढत नेऊन लोकांना चंद्र दाखवायचा. मठाला हे उद्योग मानवले नाहीत आणि १९६७मध्ये त्याला मठ सोडावा लागला. मग त्याने पूर्णवेळ फुटपाथ धरला. आजही त्या घडणीच्या दुर्बिणीत फिरणारा भाग म्हणजे टेफ्लॉनच्या तुकड्यांवर सरकणारा सनमायका. आपल्याकडचा कुठलाही सुतार हे करून देईल. पैसा जातो तो आरशात, आणि तिथेच तो जायला हवा.

मेव्हण्यांचे मत : “पण दाजी, याला सनमायका आहे हो!” सनमायका त्यांच्या मते ओट्याखालच्या कपाटाला असतो. म्हणून त्यांनी विषुववृत्तीय माउंट घेतला, मोटारीचा, आपोआप तारा शोधणारा, उचलायला दोन माणसे लागणारा.

नियम पाचवा (फक्त अशा माउंटवाल्यांसाठी). माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा. सूचनापुस्तिका लिहिणारे चाळीस-पन्नास अक्षांशावर राहतात. त्यांचा ध्रुव आकाशात छान वर असतो. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, म्हणून आपला ध्रुव क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात. दोन मुठी संपायच्या आत ध्रुव. तेवढ्या उंचीवर शहरात धूळ असते, दिवे असतात आणि मेव्हण्यांच्या गच्चीवरून शेजारच्या सोसायटीची पाण्याची टाकी असते. मेव्हण्यांची दुर्बीण गेली तीन वर्षे त्या टाकीच्या अंदाजाने रोखली जाते. शिवाय माउंट इतका खाली झुकवला की तोलाच्या वजनाचा दांडा तिकाटण्याच्या पायाला जाऊन अडतो. हे दुकानात कोणी सांगत नाही, कारण दुकानात माउंट झुकवलेला नसतो. भरपाई एकच : ध्रुव खाली गेला की दक्षिण वर येते. एप्रिल-मेच्या रात्री नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ आपल्याला दिसतो आणि लंडनच्या माणसाला तो जन्मात घरून दिसत नाही. मेव्हण्यांच्या गच्चीवर दक्षिणेला लिफ्टची खोली आहे.

नियम सहावा. काळोखात जावे, आणि अमावास्येला जावे. यातली गणिते कालनिर्णय करून ठेवते, पण परिणामांचा विचार ते करत नाही. अमावास्येच्या मध्यरात्री चार बापे एका गाडीतून वेल्ह्याच्या बाजूला माळावर उतरतात. काळे कापड अंथरतात. लांब नळी उभी करतात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि एका पांढऱ्या उजेडाने ती मोडते, म्हणून विजेरीला लाल जिलेटिन कागद लावलेला असतो. त्या लाल उजेडात ते कुजबुजतात आणि एक जण वही काढून काही आकडे म्हणतो. वर काळ्या चहासाठी कोणी पिशवीत लिंबे आणलेली असतात. गावकऱ्यांनी काय समजायचे?

म्हणून उपनियम : दिवसाउजेडी पोहोचावे, पोलीस पाटलांना भेटून काय करणार ते सांगावे, आणि लिंबे घरी ठेवावीत. चहा दुधाचा प्यावा. पाटलांना व त्यांच्या नातवंडांना बोलावणे द्यावे. आमच्याकडे आलेल्या एका आजोबांनी पहिला प्रश्न केला, “चांद कुठाय?” आज अमावास्या, असे सांगितल्यावर ते म्हणाले, “मग पुनवेला यायचं न्हाई का?” यावर मेव्हण्यांनी त्यांना प्रकाशप्रदूषण समजावून सांगितले. आजोबांनी सगळे ऐकून घेतले, मग काठी वर करून मृगातले तिकांडं दाखवले, आणि मेव्हण्यांचा माउंट तेव्हाही ‘तारा शोधत आहे’ असेच म्हणत होता.

आता तक्रार-निवारण.

तक्रार : काहीच दिसत नाही. झाकण काढले का? हसू नका. मोठ्या झाकणात एक छोटे झाकण असते. बरेच जण तेवढेच काढतात आणि आठ इंची दुर्बिणीतून दोन इंचांचे आकाश बघत बसतात. झाकण निघाले असेल तर शोधक दुर्बीण जुळलेली नाही. ती रात्री जुळवू नये. दिवसा लांबचा मोबाइल टॉवर मुख्य दुर्बिणीत मधोमध आणावा आणि मग शोधकाचे स्क्रू फिरवावेत.

तक्रार : तारा ठिपक्यासारखा दिसत नाही. एक ठळक तारा दृश्याच्या मधोमध घ्यावा आणि फोकस जरासा बिघडवावा. तारा मेदूवडा होतो. वड्याचे भोक मधोमध असेल तर आरसे जुळलेले आहेत. एका बाजूला सरकले असेल तर तळाच्या आरशामागचे स्क्रू अगदी थोडे फिरवावेत, आणि प्रत्येक वेळी तारा पुन्हा मध्ये आणावा. यासाठी लेसरचे एक यंत्र मिळते. ते मेव्हण्यांकडे आहे. यंत्र जागच्या जागी गोल फिरवून पाहावे : लाल ठिपका वर्तुळात फिरला तर यंत्रच वाकडे आहे. मेव्हण्यांचा ठिपका वर्तुळात फिरतो. ते म्हणतात, पृथ्वी फिरते म्हणून.

तक्रार : गुरू उकळतो आहे. दुर्बीण घरातून आत्ताच बाहेर आणली असेल. आरसा निवायला अर्धा-पाऊण तास द्यावा. गच्चीचे काँक्रीट दिवसभर तापलेले असते, ते मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडते. खालच्या मजल्यांचे एसी त्यात भर घालतात. गुरूचा यात दोष नाही.

तक्रार : दव. डिसेंबर-जानेवारीत माळावर हमखास. भिंगापुढे एक लांब कॉलर हवी, ती योगाच्या मॅटची उत्तम होते. वहिनी तेव्हापासून सतरंजीवर योगासने करतात.

तक्रार : बुरशी. पावसाळ्यात चामड्याच्या पिशवीत काही ठेवू नये. हवाबंद डबा, आत सिलिका जेल; निळे खडे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करावेत. तवा वेगळा ठेवावा.

सूर्याबद्दल जे सांगायचे ते गमतीत सांगण्यासारखे नाही. आयपीसला लावायचे काळे फिल्टर जुन्या स्वस्त दुर्बिणींबरोबर येत. ते उष्णतेने तडकतात आणि डोळा जातो. असे फिल्टर मिळाले तर फोडून टाका. सूर्यासाठीचा फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावरच हवा, घट्ट बसलेला, आणि शोधक दुर्बिणीवर झाकण हवे. मुले जवळ असतील तर दुर्बीण एक क्षणही सोडून जाऊ नका. इथे मेव्हणे माझ्याहून कडक आहेत, आणि त्यांचे बरोबर आहे.

खगोल-छायाचित्रण. या छंदाला सुरुवात आहे, शेवट नाही. साधा कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून करायचे असेल तर पाचशेला भिंगाच्या नाभीय अंतराने भागा. २४ मिलिमीटरला वीस सेकंद. त्याहून जास्त वेळ शटर उघडे ठेवले की ताऱ्यांच्या रेघा येतात. लहान सेन्सर असेल तर नाभीय अंतर आधी दीडपट करा. फोकससाठी पुठ्ठ्यात तिरक्या चिरा कापून मुखवटा करावा. पावेल बाख्तिनोव या रशियन हौशी माणसाची ही २००५ची युक्ती, आणि तिला खर्च एका कटरचा. पैसे असतील तर ते माउंटवर घाला, कॅमेऱ्यावर नाही. माउंट जेवढे वजन पेलतो असे लिहिले असेल त्याच्या निम्मेच त्यावर चढवा. फोटो पुष्कळ काढून एकावर एक रचावेत : शंभर रचले की खरखर दहाव्या हिश्श्यावर येते, पण विसाव्या हिश्श्यावर आणायला चारशे लागतात. ही रचणारी डीप स्काय स्टॅकर आणि सिरिल ही सॉफ्टवेअरे फुकट आहेत. सेन्सरवरच्या धुळीचे डाग घालवायला पांढरे सपाट फोटो लागतात. त्यासाठी नळीच्या तोंडावर स्वच्छ पांढरा बनियन ताणून बांधतात. स्वच्छ हा शब्द महत्त्वाचा.

मेव्हण्यांचा मृगाच्या तेजोमेघाचा फोटो गेल्या हिवाळ्यापासून ‘प्रोसेसिंगमध्ये’ आहे. मधल्या अवस्थेतला एक त्यांनी घरच्या ग्रुपवर टाकला. मामांनी लिहिले, “छान! कुठल्या डिशचा?”

इतके सगळे म्हटल्यावर एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. दोनेक वर्षांपूर्वी मेव्हण्यांनी गुपचूप आठ इंची डोबसन घेतली, सनमायक्यासकट. कोजागरीला सोसायटीत दूध आटत असते तेव्हा ते ती खाली आणतात. चंद्र इतका भगभगीत असतो की त्या रात्री दुर्बीण लावणे हे सर्व नियमांच्या विरुद्ध. तरी लावतात. लहान मुलांसाठी स्टूल. प्रत्येकाला “हात मागे, फक्त डोळा” ही सूचना. वॉचमन, पोळ्यावाल्या मावशी, दुसऱ्या विंगमधला तो भांडखोर गृहस्थ, सगळ्यांना शनी. दर दोन मिनिटांनी शनी दृश्याबाहेर सरकतो, दर दोन मिनिटांनी मेव्हणे वाकून नळी ढकलतात. स्वतःचे दूध थंड होते.

शेवटचा नियम : जुनी दुर्बीण घ्यावी. आरसा नीट सांभाळला तर वर्षानुवर्षे टिकतो आणि मूळ मालकाने तो फारसा वापरलेला नसतो. या नियमानुसार मी मेव्हण्यांच्या आठ इंचीवर नजर ठेवून आहे. नवी दहा इंची घेणार असे ते बरेच दिवस म्हणत होते, म्हणून मी बायकोला मध्ये घालून किंमत काढली. २०२५च्या मार्चमध्ये शनीची कडी आपल्याकडे धार करून उभी होती, म्हणजे जवळजवळ दिसेनाशीच झाली होती, तेव्हा ते विकायला तयारही झाले. आता कडी पुन्हा उघडू लागली आहेत. परवा फोनवर म्हणाले, “दाजी, २०३२ला पूर्ण उघडतील. तेवढी बघू आणि मग तुम्हालाच देऊ.”