ईसीजी वाचा, घरबसल्या

आधी कागद सरळ धरा. हसू नका. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उलटा ईसीजी धरून गंभीरपणे मान हलवणारे एक काका प्रत्येक घराण्यात असतातच. पेशंटचं नाव सरळ वाचता आलं, की त्यांच्यापुढे गेलात.

आता चौकटी मोजा. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, म्हणजे मोठी चौकट 0.2 सेकंदाची. दोन उंच सुळक्यांमध्ये जितक्या मोठ्या चौकटी, तितक्यांनी 300 ला भागा. चार चौकटी, 75 ठोके. एवढ्यावर नात्यागोत्यात तुम्ही 'आपले डॉक्टर' होता. सुळक्यांमधलं अंतर दर वेळी वेगळं आणि आधीची छोटी पी लाट गायब असेल, तर हळूच 'एट्रियल फिब्रिलेशन' म्हणा. (इथे वरचं भागाकाराचं सूत्र चालत नाही, पण विचारतंय कोण?) टी लाट तंबूसारखी टोकदार दिसली, तर पोटॅशियम वाढल्याची शंका घ्या आणि किडनीच्या पेशंटला कुणी प्रेमाने शहाळं पाजतंय का, तेही बघा. दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये एसटीचा भाग वर उचललेला असेल, तर हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक असू शकतो. मात्र तसाच भाग काही धडधाकट तरुणांतही थोडा उचललेला असतो, म्हणून पुतण्याला लगेच आयसीयूत घालू नका.

तारांचं वेगळंच. डाव्या-उजव्या हाताच्या तारांची अदलाबदल झाली, की पहिली लीड उलटी येते आणि हृदय उजवीकडे गेल्याचा भास होतो. कंपवाताच्या पेशंटचा थरथरता हात कागदावर थेट हृदयविकाराचं सोंग घेतो. रेघ सपाट आणि पेशंट चहा मागतोय? निदान : तार सुटली.

ईसीजीमागची यंत्रणा शोधणाऱ्या आइन्थोव्हेन यांना त्यासाठी 1924 चं नोबेल मिळालं. त्यांच्या यंत्रावर पेशंट हात आणि पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचा. आता मशीन बसल्या जागी निदानही छापून देतं, आणि काका तेच मोठ्याने वाचतात.

'ईसीजी नॉर्मल आहे, ॲसिडिटी असेल' हे वाक्य मात्र या कोर्सला नाही. अटॅकच्या सुरुवातीला ईसीजी अगदी नॉर्मल येऊ शकतो. म्हणून डॉक्टर तो थोड्या वेळाने पुन्हा काढतात, रक्तातलं ट्रोपोनिन तपासतात. छातीवर दाब, हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असं काही असेल, तर कागदाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकत बसू नका. 108 ला फोन लावा.