कोणाले सांगू नोको!

नागपुरात इतवारीच्या किराणा ओळीत अलीकडेच एका काकांचे ४८ हजार रुपये गेले. दुकान माझ्या रोजच्या वाटेवरचं, तरी मला कळलं चौथ्या दिवशी. तेही काकांकडून नाही, त्यांच्या दुकानातल्या पोऱ्याकडून. सांगून झाल्यावर त्यानं हात जोडले. "भाऊ, तुमी आता कोणाले सांगू नोका. शेठनं मले बजावलं हाये, कोणाले सांगू नोको म्हणून. बजारात इज्जत जाईन."

काकांचं नाव मी लिहिणार नाही. पण त्या चार दिवसांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. चोराला जेवढी मदत त्याच्या मेसेजनं केली, तेवढीच या चार दिवसांच्या मौनानं केली.

झालं ते असं. संध्याकाळचे साडेसात. दुकानात चार गिऱ्हाईकं, काट्यावर तुरीची डाळ, आणि काकांच्या फोनवर मेसेज: मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, ताबडतोब अमुक अधिकाऱ्याशी बोला. खाली दहा आकडी मोबाइल नंबर. काकांनी बिल भरलेलं होतं. पावती गल्ल्याच्या खणात होती, मी ती नंतर डोळ्यांनी पाहिली. पण मेसेजमधला एक शब्द बघा. बिल ‘भरलं नाही’ असं त्यात कुठेच नाही. ‘अपडेट नाही’ असं आहे. भरलेलं बिल अपडेट झालं की नाही, हे भरणाऱ्याला कसं कळावं? ज्यानं हा शब्द शोधला, त्याला आपल्या कचेऱ्यांचा कारभार पाठ आहे.

काकांनी नंबर लावला. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. पलीकडे अदबीनं बोलणारा माणूस. "सर, फक्त १० रुपये भरा, नोंद होऊन जाईल." त्यासाठी एक ॲप उतरवायला सांगितलं. ते ॲप म्हणजे आपल्या फोनचा पडदा दुसऱ्याला दिसावा म्हणून केलेली सोय. काकांनी एका हातानं डाळीची पुडी बांधली आणि दुसऱ्या हातानं १० रुपये भरायला पिन टाकला. तो पिन तिकडे कोणीतरी बघत होतं. तीन मेसेज आले आणि ४८ हजार गेले. गिऱ्हाईक सुट्या पैशांसाठी उभंच होतं.

आता कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण हे काकांना कोणी सांगितलं नव्हतं. वीज कायदा २००३, कलम ५६. थकबाकी खरोखर असली तरी वीज तोडण्याआधी १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. दोन तासांची मुदत देऊन रात्री साडेनऊला वीज कापायची तरतूद कुठेही नाही. महावितरणचा मेसेज कोणाच्या खासगी मोबाइल नंबरावरून येत नाही. पाठवणाऱ्याच्या जागी एमएसईडीसीएल ही अक्षरं असतात. शंका आली तर १९१२ हा नंबर आहे. एवढं प्रत्येक बिलाच्या पाठीवर मोठ्या मराठी अक्षरांत छापलं असतं, तर किती घरं वाचली असती.

आणि ‘पहिल्याच रिंगला उचलला’ हे विसरू नका. खऱ्या कचेरीत फोन लावून बघितलेल्या माणसाला ती केवढी मोठी गोष्ट वाटते, हे मी सांगायला नको. त्यात आमच्या भागाची आणखी एक अडचण. २०११ ते २०१९ गांधीबाग, महाल आणि सिव्हिल लाइन्स विभागांचं वीज वितरण खासगी फ्रँचायझीकडे होतं, मग पुन्हा महावितरणकडे आलं. बिलावरचं नाव बदललं, तक्रारीचा पत्ता बदलला, परत बदलला. अशा गावात ‘वीज ऑफिसातून बोलतोय’ म्हणणाऱ्याला ‘कोणत्या ऑफिसातून?’ असं विचारायची सवय मोडते. काकांनी विचारलं नाही, यात त्यांचा भाबडेपणा मला दिसत नाही.

मी काकांकडे गेलो. आधी ते बोलेनात. मग हळूच म्हणाले, "पैसे गेले त्याचं एवढं नाही जी. लोकं हासतीन ना."

हासतात, हे खरंच आहे. आपली भाषाच बघा. टोपी घातली, चुना लावला, गंडा घातला, उल्लू बनवलं. फसवणुकीचे आपले सगळे वाक्प्रचार चोराला हुशार ठरवतात आणि ज्याचं गेलं त्याचं हसं करतात. घरफोडी झाली तर सारी गल्ली दारात येते, कोणी चहा आणतं, कोणी पोलीस ठाण्यापर्यंत सोबत येतं. फोनवरून तेवढेच पैसे गेले तर तीच गल्ली म्हणते, "एवढा शिकलेला माणूस, ओटीपी सांगितलाच कसा?" वर्तमानपत्रंही मागे नाहीत. ‘ज्येष्ठाला चुना’ हा मथळा मी स्वतः पूर्वी केलेला आहे. पुन्हा करणार नाही.

इतवारीत तर या हसण्याची रोख किंमत आहे. इथला धंदा पतीवर चालतो. कळमन्याच्या बाजारातून माल शब्दावर उचलायचा, पैसे मागाहून. दलालाच्या कानावर गेलं की शेठ मोबाइलवर फसला, तर पुढच्या वेळी तो दहादा विचार करून मगच माल सोडेल. सराफा ओळी असो की भांडे ओळी, ही भीती सगळीकडे तीच. त्यामुळे काका गप्प बसले ते वेडेपणानं नाही. पत सांभाळायला बसले. पण त्या चार दिवसांत पैशाचं काय होत होतं?

असे पैसे एका जागी थांबत नाहीत. कोणाच्या तरी भाड्यानं घेतलेल्या खात्यात पडतात, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या खात्यात फुटतात आणि कुठल्यातरी गावात एटीएममधून निघतात. हे सगळं मिनिटांत चालतं. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर त्यासाठीच आहे. तिथे तक्रार पडली की पैसा ज्या ज्या खात्यांतून गेला, त्या बँकांना निरोप जातो आणि जिथे जेवढा शिल्लक असेल तेवढा गोठवला जातो. पुढे कोर्टाच्या आदेशानं तो मूळ मालकाला मिळू शकतो. पण शिल्लक असेल तर. पहिल्या तासात फोन करणारा आणि चौथ्या दिवशी करणारा, दोघांची तक्रार सारखीच लिहिली जाते. हाती लागणारी रक्कम सारखी नसते.

रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७ चा नियमही हेच सांगतो. तुमची काही चूक नसताना बाहेरच्या कोणी खात्यातून पैसे काढले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमचा तोटा शून्य. ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तोट्याला मर्यादा, साध्या बचत खात्याला १० हजार. आणि तुम्हीच पिन किंवा ओटीपी देऊन बसलात, तर? तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा तुमचा, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. ही शेवटची ओळ पुन्हा वाचा. चूक तुमची असली तरी सांगितल्या क्षणापासून जोखीम बँकेकडे जाते. न सांगणाऱ्याची मात्र मिनिटामिनिटाला वाढत राहते.

चोराला हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. ‘डिजिटल अरेस्ट’चे फोन आठवा. पोलिसाचा गणवेश, मागे कचेरीचा देखावा, तुमच्या नावानं पार्सल सापडल्याची थाप. आणि सगळ्यात पहिली अट कोणती? कॅमेरा बंद करायचा नाही, फोन ठेवायचा नाही, आणि घरात कोणाला सांगायचं नाही. म्हातारी माणसं तासन्‌तास, कधी कधी अनेक दिवस, शेजारच्या खोलीत सून असताना तिला हाक न मारता बसून राहिली आहेत. कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ ला ‘मन की बात’मध्ये सांगितलं. तरी फोन थांबलेले नाहीत.

‘कोणाले सांगू नोको’ हे मुळात चोराचं वाक्य आहे. तो फोन ठेवतो आणि पुढे ते आपणच म्हणत राहतो.

२०२४ या एका वर्षात देशातल्या लोकांनी सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गमावले, असं सरकारनं संसदेत सांगितलं. आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता. लक्षात घ्या, हे ज्यांनी तक्रार केली त्यांचे पैसे. काकांसारखे जे गल्ल्यावर बसून गप्प राहिले, ते यात नाहीत.

आपल्या नागपुरातलंच आठवा. जुलै २०२३ मध्ये ऑनलाइन जुगाराच्या ॲपवर ५८ कोटी रुपये गेल्याची तक्रार इथल्या एका व्यापाऱ्यानं केली, आणि पोलिसांनी गोंदियात धाड घालून कोट्यवधींची रोकड आणि सोनं जप्त केलं. सारं गाव महिनाभर ५८ या आकड्यावर बोललं. मी विचार करत होतो तो पहिल्या एका कोटीचा. तो गेला तेव्हा या माणसाला मोकळेपणानं बोलायला कोण होतं?

मोठी चोरी लाजेवर जगते, तशी बारकी चोरी आपल्या दुर्लक्षावर. काकांकडेच पाहिलं. गल्ल्याशेजारी पैसे आल्याची घोषणा करणारे दोन डबे. एक बोलतो, दुसरा वर्षभर मुका. कंपनी बदलली तेव्हाचा जुना. त्याचं भाडं मात्र दर महिन्याला खात्यातून कापलं जातंय. मी विचारलं तर म्हणाले, "शंभरेक रुपये असतीन." पोत्यामागे पाव किलो घट आली तर हमालापासून दलालापर्यंत सगळ्यांना उभं करणारा हा माणूस. रोजमेळ जुळल्याशिवाय रात्री शटर ओढत नाही. त्याच्या खात्यातून वर्षाला बाराशे रुपये मुक्या डब्याला जातात, आणि त्याच्या बायकोच्या फोनवर कोणी न मागितलेली कॉलर ट्यून वाजते.

फोनवरच्या अशा सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाचा दोनदा होकार घ्यायचा, हा दूरसंचार नियामक ‘ट्राय’चा नियम २०१३ चा आहे. बंद करायला १५५२२३ हा नंबर आहे. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. खात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांची यादी यूपीआयच्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’ खाली दिसते, तिथेच ती रद्दही करता येते. आम्ही काकांच्या फोनवर ती यादी उघडली. पाच नावं निघाली. त्यातली तीन त्यांना ओळखीची नव्हती. दहा मिनिटांचं काम.

इतवारीला बोलून दाखवणं परकं आहे असंही नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक इथूनच निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. वर्षभरात जे जे छळलं त्याचे बडगे, म्हणजे पुतळे, करायचे, नाव घेऊन भर रस्त्यात ओरडायचं आणि गावाबाहेर न्यायचं. महागाई, भ्रष्टाचार, रोगराई, कोणालाही आम्ही सोडलेलं नाही. ज्या ओळींतून हे घसा फुटेस्तोवर ओरडतो, त्याच ओळींत फोनवरच्या चोरीबद्दल मात्र कुजबुजही होऊ देत नाही.

म्हणून ओळीओळींतल्या व्यापारी मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या बैठकीत जीएसटीआधी हा विषय घ्या, आणि सगळ्यात जुन्या, सगळ्यात मानाच्या माणसानं आधी उठून सांगावं, ‘माझे गेले.’ तसा एक तरी माणूस प्रत्येक ओळीत आहे, हे मला ठाऊक आहे. त्याच्या मागून पोरं बोलतील. पैसे गेले नसतील, नुसता संशयास्पद फोन किंवा मेसेज आला असेल, तरी सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरच्या ‘चक्षु’वर कळवता येतं. आणि बँकांच्या शाखांनो, असा माणूस दारात आला तर आधी त्याला खुर्ची द्या. ‘तुम्ही सांगितलाच कसा?’ हा प्रश्न फॉर्म भरून झाल्यावर विचारा. न विचारलात तर उत्तमच.

काकांनी पाचव्या दिवशी तक्रार केली. १९३० लावताना त्यांचा अंगठा थरथरत होता, नंबर मीच लावून दिला. ४८ हजारांतले ६ हजार एका खात्यात सापडले, ते गोठवलेत. बाकीचे पहिल्याच रात्री निघून गेले होते.

काल गेलो तर गल्ल्याच्या वर, ‘आज नगद कल उधार’च्या पाटीखाली, पुठ्ठ्यावर लाल स्केचपेननं मोठ्ठं १९३० लिहिलेलं दिसलं. पोऱ्याच्या अक्षरात. एका गिऱ्हाइकानं विचारलं, हा कशाचा नंबर? काकांनी डाळ मोजता मोजता त्याला सगळं सांगितलं. ४८ हजारांसकट.