बिहारवर आरोपपत्र

बीड जिल्ह्यातल्या आमच्या वडवणीत पेपर वाचायची एक रीत आहे. गुन्हा काय घडला ते नंतर. आधी आरोपी कुठला ते बघायचं. तो परप्रांतीय निघाला की चहा जरा जास्तच गोड लागतो. आपल्याकडचा निघाला तर मथळ्यातून माणूसच गायब होतो. 'बांधाच्या वादातून खून.' वाद आला, खून करून गेला. पोलिसांनी शोधावं तरी कुणाला?

9 डिसेंबर 2024 ला मात्र सगळ्यांचीच पंचाईत झाली. आमच्याच जिल्ह्यातल्या केज तालुक्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. मागे पवनचक्की कंपनीकडे मागितलेली दोन कोटींची खंडणी. आरोपी सगळे बीड जिल्ह्यातलेच. ना कुणी यूपीचा, ना कुणी नेपाळचा. आता बूम घेऊन जायचं कुठं? पण पुढाऱ्यांनी आणि चॅनेलवाल्यांनी वाट काढलीच: 'बीडचा बिहार झाला!' पाटण्याहून एक माणूस आला नाही, तरी खापर बिहारच्या डोक्यावर. बिहार सरकारने अब्रुनुकसानीचा दावा लावला, तर आपल्याकडे वकीलपत्र घेणारा सापडेल का, शंकाच आहे.

सव्वा महिन्यात देव पावला. 16 जानेवारीला वांद्र्यात सैफ अली खानवर चाकूहल्ला झाला. तीन दिवसांनी ठाण्यात पकडलेला आरोपी बांगलादेशी असल्याचं पोलिसांनी सांगितलं. एवढ्या बंदोबस्ताच्या इमारतीत माणूस शिरतो कसा, हा प्रश्न मग कोपऱ्यातल्या बातमीत गेला.

सरकारही असाच पेपर वाचतं. 2021 मध्ये साकीनाक्याच्या अत्याचारानंतर मुख्यमंत्र्यांनी परराज्यांतून येणाऱ्यांची नोंद ठेवायला सांगितलं. 2016 च्या कोपर्डीच्या अत्याचारानंतर अशी वही कुणी काढली नव्हती. काढली असती, तर तीत नावं कुणाची लिहिली असती?

आता दसरा झाला की आमच्या ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली, ट्रॅक्टरवर भांडी, शेळी, लेकरं. सांगली, कोल्हापूर, तिथून पार बेळगाव. सीमा ओलांडली की वडवणीकर आपोआप परप्रांतीय होतो. त्याला कुणी कळवत नाही, हा भाग वेगळा. तिकडे एखाद्याच्या विहिरीवरची मोटार गेली की गाव आधी टोळ्यांच्या कोप्यांकडे बघतं. मालक तावातावाने येतो, "तुमच्या बीडवाल्यांचंच काम हे!"

मुकादम छातीवर हात ठेवतो. "नाही मालक, आमचे पोरं नाहीत त्यातले. त्या पलीकडच्या कोप्या जालन्यावाल्यांच्या आहेत, तिकडं बघा की."